जी प्लस सातच्या बिल्डिंगला बूम पंप की लाइन पंप?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पुण्याजवळ रावेतला स्टिल्ट (खाली पार्किंगचा मोकळा मजला) प्लस सात मजल्यांची एक बिल्डिंग, स्लॅब साधारण १६ बाय २० मीटरचा, बीम धरून ८५-९० घनमीटर माल, म्हणजे काँक्रीट, समोर ९ मीटरचा रोड, तयार काँक्रीट देणारा आरएमसी प्लांट १०-१२ किलोमीटरवर. एक जण सांगतोय ३६ मीटरचा बूम (गाडीवरच्या घडीच्या लांब हातातून माल टाकणारा पंप) लावा, दुसरा म्हणतो जमिनीवर उभं राहून पाइपलाइनने माल वर ढकलणारा लाइन पंपच बरा, आणि तिसरा तसाच सेकंडहँड स्टेशनरी पंप विकत घ्या म्हणून मागे लागलाय.

माझं उत्तर आधी सांगून टाकतो. फुटिंग आणि खालचे तीन-चार स्लॅब बूमने भरा, तिथून वर लाइन पंप लावा, दोन्ही भाड्याने. विकत घेऊ नका. आता का ते सांगतो, कारण तुमची साइट थोडी जरी वेगळी असली तरी उत्तर बदलू शकतं, त्यामुळे हिशोब कसा करायचा ते कळणं जास्त महत्त्वाचं.

पंप निवडताना सगळे जण ताशी किती घनमीटर हा आकडा आधी विचारतात. कॅटलॉगमधला ७० किंवा ९० घनमीटर हा आकडा सिलिंडर पूर्ण भरतोय आणि मशीन एक क्षणही थांबत नाही असं धरून काढलेला असतो. स्लॅबवर प्रत्यक्षात ताशी २०-२५ घनमीटर निघाले तरी काम छान चाललंय समजा, कारण पुढे माल पसरवणारी माणसं, व्हायब्रेटर, लेव्हल बघणारा मिस्त्री यांचा वेग तेवढाच असतो. आणि त्याहून मोठी अडचण गाड्यांची. बघा, टीएम (माल आणणारी ट्रान्झिट मिक्सर गाडी) भरायला १० मिनिटं, साइटवर यायला ४५, थांबून रिकामी व्हायला २०, परत जायला ३५, म्हणजे एक फेरी ११० मिनिटांची. ६ घनमीटरची गाडी दर १५ मिनिटांनी लागली तर ताशी २४ घनमीटर होतात, म्हणजे ११० भागिले १५, सव्वासात, म्हणजे आठ गाड्या फक्त तुमच्यासाठी फिरत राहायला हव्यात. आरएमसीवाला चार गाड्या देणार असेल तर ९० चा पंप लावा नाहीतर ३० चा, स्लॅब त्याच वेळी संपणार आणि मधल्या वेळात पाइपमधला माल बसत राहणार. म्हणून पंपाच्या आधी गाड्यांचं पक्कं करा, लेखी घ्या, आणि तुमच्या रोडवर जड वाहनांना कुठल्या वेळेत बंदी आहे ते ट्रॅफिकवाल्यांकडून विचारून घ्या. हिंजवडीच्या आयटी ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली की ४५ मिनिटांचे दीड तास कधी होतात कळत नाही, आणि आयएस ४९२६ या आरएमसीच्या भारतीय मानकाप्रमाणे माल गाडीत भरल्यापासून दोन तासांत रिकामा व्हायला हवा, जास्त वेळ लागणार असेल तर रिटार्डरचं (माल उशिरा घट्ट व्हावा म्हणून टाकायच्या रसायनाचं) आधी ठरलेलं पाहिजे.

आता बूम. ३६ मीटर म्हणजे ३६ मीटर उंचीवरच्या स्लॅबपर्यंत जातो असं नाही, ही फार जणांची गल्लत होते. ३६ हा जमिनीपासून सरळ उभा केल्यावरचा आकडा. बूमचा खालचा सांधा जमिनीपासून साधारण ४ मीटरवर असतो, म्हणजे हात मूळचा ३२ मीटरचा. तुमचा सातव्या मजल्यावरचा स्लॅब २५ मीटरवर. होज (टोकाचा रबरी पाइप) खाली लोंबकळायला स्लॅबच्या वर ३ मीटर तरी लागतात, म्हणजे हाताला २८ मीटर उंची गाठायची, त्यातले ४ वजा, राहिले २४. आता शाळेतला काटकोन त्रिकोण लावा: ३२ चा वर्ग वजा २४ चा वर्ग, त्याचं मूळ साधारण २१ मीटर. एवढाच आडवा पल्ला मिळाला, तोही हात पूर्ण ताणून, जे प्रत्यक्षात ऑपरेटर करत नाही. त्यातून गाडीच्या मध्यापासून बिल्डिंगच्या तोंडापर्यंतचे ६-७ मीटर गेले, म्हणजे स्लॅबमध्ये आत १४ मीटर. तुमची खोली २० आहे. मागचे सहा मीटर घमेल्याने वाहणार का? तिसऱ्या-चौथ्या स्लॅबला हाच हिशोब करून बघा, आरामात मागच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो. ४२ किंवा ४७ चा बूम आणला तर वरपर्यंत जमेलही, पण भाडं वाढतं, गाडी मोठी आणि तुमचा रोड ९ मीटरचा.

त्या ९ मीटरबद्दलच खरी काळजी आहे. बूमच्या गाडीला पाय पसरायला सहा-सात मीटर रुंदी लागते, शेजारी टीएम मागे घ्यायला जागा वेगळी. म्हणजे रोड बंद. शेजारच्या सोसायट्यांशी आधी बोला, शाळेच्या बसची वेळ टाळा. एकेका पायावर १५-२० टनाच्या आसपास भार येऊ शकतो, तो सरळ मातीवर किंवा ड्रेनेजच्या चेंबरवर द्यायचा नाही, खाली जाड लाकडी स्लीपर किंवा प्लेट हवीच. खोदकामाच्या कडेला उभा करत असाल तर खड्डा जेवढा खोल तेवढं अंतर कडेपासून निदान सोडा, भरावाच्या मातीत त्याहून जास्त. आणि समोरून महावितरणची ११ केव्हीची लाइन जात असेल तर तो विषय तिथेच थांबवा. बूम तारेला टेकायलाही लागत नाही, जवळ गेला तरी करंट येतो आणि होज धरलेला माणूस जागीच जातो. शटडाऊन लेखी मिळत असेल तरच बूम, नाहीतर पहिल्या स्लॅबपासून लाइन पंप, यात तडजोड करू नका.

लाइन पंपाकडे येऊ. इथे बघायचं ते प्रेशर. ढोबळ हिशोब सांगतो, १२५ एमएमच्या पाइपला आडव्या एका मीटरला साधारण ०.१ बार, उभ्या एका मीटरला मालाच्या वजनाचे पाव बार आणि घर्षणाचे तेच ०.१ वेगळे, ९० अंशाचा एक बेंड म्हणजे ३ मीटर आडवा पाइप धरायचा आणि रबरी होज असेल तर त्याच्या लांबीच्या तिप्पट. तुमच्याकडे गेटपाशी पंप धरला तर जमिनीवर ३० मीटर, उभा २५, वर स्लॅबवर २५, बेंड पाच, होज ५ मीटर. आडव्याचे ५५ अधिक बेंडचे १५ अधिक होजचे १५, झाले ८५ मीटर, म्हणजे साडेआठ बार. उभ्याचे सव्वासहा आणि घर्षणाचे अडीच. एकूण सव्वासतरा बार. त्यावर थांबलेली लाइन परत सुरू करायला २० बार हाताशी धरा, आणि वर पाव हिस्सा राखीव. म्हणजे पन्नासच्या आतच. मालावर ६०-७० बार देणारा साधा पंप तुमचं काम करतो, शंभर बारचं मशीन घ्यायची गरज नाही. एकच विचारा, तो ६०-७० मशीन कुठल्या जोडणीत देतंय. हायड्रॉलिक तेल सिलिंडरच्या रॉडच्या बाजूला दिलं की माल जास्त आणि प्रेशर कमी, पिस्टनच्या बाजूला दिलं की उलट. कॅटलॉगमध्ये दोन्हीचे सगळ्यात मोठे आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं दोन्ही एकदम मिळणार.

काही जण १०० एमएमचा पाइप सुचवतील, हलका असतो, उचलायला बरा. पण तेवढाच माल तेवढ्याच वेळात न्यायचा तर त्यातून वेग दीडपटीहून जास्त होतो आणि प्रेशर चढतं. २० एमएम खडी त्यातून जाते, प्रश्न तो नाही. माल थोडा जरी खरखरीत आला तरी १२५ सांभाळून घेतो, १०० घेत नाही. मी १२५ च घेईन.

पाइप कसा टाकणार हे पंपाइतकंच महत्त्वाचं आहे. उभी लाइन पंपाच्या तोंडापासून लगेच वर नेऊ नका, उंचीच्या निदान १५-२० टक्के आडवी लाइन आधी हवी, म्हणजे वरचा माल थेट पंपावर दाबत नाही. उभा पाइप कॉलमला किंवा आधीच्या मजल्यांच्या पक्क्या काँक्रीटला ब्रॅकेटने बांधा. सेंट्रिंगला, म्हणजे नव्या स्लॅबखालच्या तात्पुरत्या आधाराला, कधीच नाही. पंपाच्या प्रत्येक स्ट्रोकला लाइन पुढेमागे धक्का मारते, तासाला शेकडो धक्के, तुम्ही स्लॅबवर उभे राहिलात तर पायाला जाणवतं. एका साइटवर पंपवाल्याच्या पोरांनी उभी लाइन सेंट्रिंगच्या कडेच्या प्रॉप्सना (टेकूंना) तारेने बांधली होती, दोन तासांत कडेच्या बीमचं साइडचं शटरिंग उघडलं आणि माल खाली गळायला लागला. नशीब की खाली कोणी नव्हतं. स्लॅबवरची लाइनसुद्धा स्टीलवर तशीच टाकू नका, जुन्या टायरवर किंवा घोड्यावर ठेवा, नाहीतर वरचं स्टील दबून खाली बसतं आणि सपोर्टवरच्या जादा सळ्यांचा काही उपयोग राहत नाही.

आता माल, म्हणजे मिक्स. आपल्याकडे सगळी खडी आणि क्रश सँड काळ्या दगडाची, कोनेरी, आणि नदीची वाळू जवळपास गेलीच. त्यामुळे निम्म्याहून जास्त चोकअप (पाइप तुंबणं) पंपामुळे होत नाहीत, मिक्समुळे होतात. धुतलेल्या सँडमधले बारीक कण जास्तच निघून गेले की प्रेशरखाली पाणी आणि सिमेंट पुढे पळतं, खडी मागे अडकते आणि रिड्यूसरमध्ये (पाइप अरुंद होतो त्या तुकड्यात) किंवा पहिल्या बेंडमध्ये गच्च बसते. आरएमसीवाल्याला स्पष्ट सांगा की पंपेबल मिक्स हवंय, सिमेंट आणि फ्लाय अॅश मिळून पावडर पुरेशी हवी, आणि आयएस १०२६२ मध्येच पंपासाठी जाड खडी दहा टक्क्यांपर्यंत कमी करायची मुभा दिलेली आहे. स्लम्प (माल किती पातळ आहे त्याचं माप) साइटवर, हॉपरपाशी (पंपाचा माल ओतायचा हौद), १२०-१५० एमएमच्या आसपास, प्लांटवरचा आकडा कामाचा नाही. ड्रायव्हरला गाडीत पाणी मारू देऊ नका. पाण्याने स्लम्प वाढतो पण माल फुटतो, खडी आणि पाणी वेगळं होतं, आणि पंपाला उलट जड जातो. कमी आला तर प्लांटच्या माणसाने अॅडमिक्चर (माल पातळ करणारं रसायन) टाकून ड्रम फिरवायचा.

माल बरोबर आहे का ते हॉपरपाशी उभं राहून दोन मिनिटांत कळतं. जाळीवर पडल्यावर माल एकजीव सरकत आत जायला हवा. खडी वेगळी उड्या मारत जाळीवर राहत असेल आणि कडेने पातळ पाणी सुटत असेल तर ती गाडी पंपात घेऊ नका, भांडण झालं तरी चालेल. हॉपर कधीही रिकामा होऊ देऊ नका, अॅजिटेटरचा (आत माल ढवळणाऱ्या पात्यांचा) दांडा दिसायला लागला की पंप थांबवायचा, कारण हवा आत गेली की ती पुढे दाबली जाते आणि होजच्या तोंडाशी सुटते, होज चाबकासारखा फिरतो. सुरुवातीला पाइप आतून ओला करायला सिमेंटची स्लरी सोडतानाही हाच धोका, म्हणून पहिला माल बाहेर येईपर्यंत होजजवळ कोणी उभं राहायचं नाही, धरायचं तर नाहीच. आणि ती स्लरी स्लॅबमध्ये किंवा कॉलमच्या डोक्यावर ओतू देऊ नका, ड्रममध्ये धरून खाली न्या.

भाड्याचा पंप येईल तेव्हा आधी पाइप बघा, मशीनचा रंग नंतर. हातोडीने टोकत जा, झिजलेल्या पाइपचा आवाज पातळ येतो, आणि बेंडची बाहेरची बाजू सगळ्यात आधी झिजते. थिकनेस गेज असेल तर उत्तमच. प्रत्येक क्लॅम्पला पिन आणि आत रबर आहे का बघा, एक रबर नसला तरी तिथून सिमेंटचं पाणी गळतं आणि बरोबर तिथेच चोक होतो. मग ऑपरेटरला विचारा की चोक झाला तर काय करतो. दोन-तीन स्ट्रोक रिव्हर्स घेऊन हळू पुढे, नाही सुटला तर पाइप टोकत जाऊन ठस्स आवाज येतो तो तुकडा शोधायचा, आणि रिव्हर्सने प्रेशर उतरवल्याशिवाय क्लॅम्प उघडायचा नाही, हे ज्याला न विचारता सांगता येतं तो माणूस चांगला. मी नव्या मशीनवरच्या नवशिक्यापेक्षा जुन्या मशीनवरचा असा ऑपरेटर घेईन.

विकत घेण्याचं म्हणाल तर, तुमचे आठ स्लॅब धरले तरी सातशे-सव्वासातशे घनमीटर, वर फुटिंग वगैरे. दोन स्लॅबमध्ये पंधरा-वीस दिवस मशीन उभं. ऑपरेटरचा पगार चालू, सिलिंडरच्या आतले पिस्टन रबर, वेअर प्लेट, कटिंग रिंग, पाइप हे सगळं झिजणारं, आणि सेकंडहँड मशीनमध्ये हेच झिजलेलं असतं म्हणून तर ते विकायला निघतं. तीन-चार साइट एकदम चालू असतील तेव्हा विचार करा, आणि तेव्हाही जवळ सर्व्हिस आणि स्पेअर कोणाचे मिळतात ते आधी बघा. पुट्झमाइस्टरचा कारखाना गोव्यात वेर्ण्याला आहे, सॅनीचा चाकणला, श्विंगचा चेन्नईकडे, पण कारखाना जवळ असून भागत नाही, रात्री अकराला स्लॅब अर्धा असताना फोन उचलणारा मेकॅनिक कोणाकडे आहे ते महत्त्वाचं.

कॉलमबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. दहा-बारा घनमीटरच्या कॉलमसाठी लाइन पंप लावू नका. १०० मीटर १२५ च्या लाइनमध्येच सव्वा घनमीटर माल राहतो, शिवाय स्लरी, धुणं, आणि पंपवाले ठरावीक घनमीटरच्या खाली मिनिमम चार्ज लावतातच. असे कॉलम लिफ्ट मिक्सरने (माल कालवून वर उचलणाऱ्या साइटवरच्या मशीनने) भरा, किंवा खालच्या मजल्यांना बूम येणारच असेल तर त्याच दिवशी जमतंय का बघा.

बुकिंग करताना पंपवाल्याला नुसता मजला सांगू नका. गेटचं माप, पंप उभा राहणार ती जागा, तिथून राइजरपर्यंत (उभ्या पाइपपर्यंत) किती मीटर, बेंड किती, स्लॅबचा सगळ्यात लांबचा कोपरा किती, हे कागदावर काढून फोटो पाठवा, आणि त्याचा माणूस स्लॅबच्या दोन दिवस आधी येऊन जागा बघून जाईल असं ठरवून घ्या. पाइप साफ करायचा कशाने तेही तेव्हाच ठरवा, हवेने की पाण्याने. हवेने असेल तर पाइपमधून सुटून येणारा स्पंजचा बॉल टोकाला धरणारी बास्केट त्यांनी आणायची, आणि ती नसेल तर मी त्यांना कॉम्प्रेसर चालू करू देणार नाही.