नक्कल ठेवलीस का?

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू मोबाइल पुढं करून दाखवलास. आपल्या गावात रेल्वेगाडीला थांबा द्या, म्हणून खासदारांच्या खात्यावर तू चार वेळा लिहिलं होतंस. खाली हात जोडल्याची चित्रं. उत्तर एकाचंही नाही. मग म्हणालीस, "मास्तर आजोबा, तुमच्या काळात लोक खासदाराला पत्रं लिहायचे म्हणे, आणि उत्तरंही यायची. ते कसं काय?" मी तेव्हा नीट बोललो नाही. तू काय काय लिहिलं होतंस ते वाचून दाखव म्हटलं, तर तू बोटानं वरवर सरकवत राहिलीस आणि म्हणालीस, "दोन मी डिलीट केलीत." तिथंच माझं डोकं फिरलं आणि मी उठून आत गेलो. रात्री झोप लागली नाही. म्हणून हे लिहितोय.

आधी तुझी एक चूक. तू ज्यांना लिहिलंस ते आपले खासदार नव्हेत. खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यात आहे, डीसी ऑफिस, म्हणजे कलेक्टर कचेरी, बेळगावात आहे, तुझं कॉलेज बेळगावात आहे, हे सगळं खरं. पण लोकसभेला आपण उत्तर कन्नड मतदारसंघात मत देतो. निपाणीचे लोक चिकोडीला देतात. एका जिल्ह्यातली माणसं तीन खासदारांत वाटली गेलीत. दोनदा मत देऊन आलेल्या मुलीला एवढं ठाऊक असायला हवं होतं. चार वेळा तू दुसऱ्याच्या दारावर थाप मारलीस आणि दार उघडलं नाही म्हणून रुसलीस.

आता तुझा प्रश्न. १९७३ ला मला गावच्या पोस्टाचं काम मिळालं. पोस्ट म्हणजे आमच्या घराचा सोपा, एक टेबल, एक ठसा आणि तिजोरीच्या नावानं एक लोखंडी पेटी. पिनकोड त्याच्या आदल्याच वर्षी सुरू झाला होता, त्यामुळं लोकांना तो कुठं लिहायचा ते मीच सांगायचो. माणसं कार्ड विकत घ्यायला यायची आणि लिहूनही माझ्याकडूनच घ्यायची. आपल्या भागात घरटी एक तरी माणूस पलटणीत, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच, तेव्हा निम्मी पत्रं पेन्शनची. बाकी मनीऑर्डर हरवली, सुट्टी मंजूर करा, गाडी दहा मिनिटं उशिरा सोडा म्हणजे मिरजेची पकडता येईल. तेव्हा आपली लाइन मीटरगेज होती, पुण्याला जायचं तर मिरजेत गाडी बदलायची.

पलटण, पोस्ट, रेल्वे, पासपोर्ट ही दिल्लीची कामं, म्हणून ती खासदाराकडं. रस्ता, शाळा, दवाखाना आमदाराकडं. आमच्या सोप्यावर बसणाऱ्या, सही न येणाऱ्या म्हाताऱ्यांनाही हा फरक पाठ होता.

कार्ड कसं लिहायचो सांगतो. वर उजव्या कोपऱ्यात तारीख. मग नाव, गाव, तालुका. मग एकच मागणी. पोस्टकार्डावर दोन मागण्या मावत नाहीत, हे पोस्टकार्डाचे उपकार. शेवटी सही, नाहीतर अंगठा. अंगठ्यासाठी मी ठशाचंच शाईचं पॅड पुढं करायचो, आणि बाजूला लिहायचो, निशाणी डावा अंगठा. बाया अंगठा उठवून झाल्यावर तो पदराला पुसायच्या, आणि कार्ड पेटीत पडेपर्यंत उभ्या राहायच्या. ऐंशीच्या दशकात कार्ड पंधरा पैशांना होतं. उत्तर हवं असेल तर जोडकार्ड. पाठवल्याचा पुरावा हवा असेल तर यूपीसी, म्हणजे पोस्टात टाकल्याचा दाखला. तो २०११ ला बंद झाला, त्याचं मला आजही वाईट वाटतं. गरिबाला परवडणारा पुरावा होता तो.

आणि उत्तरं यायची, हे खरं. खासदार पत्र स्वतःच्या कपाटात ठेवत नाही, संबंधित मंत्र्याला पाठवतो. मंत्रालयांना निर्देशच आहेत, खासदाराच्या पत्राची पोच १५ दिवसांत द्यायची आणि त्यापुढच्या १५ दिवसांत उत्तर. मंत्र्याचं उत्तर खासदाराला येतं, त्याची प्रत तुला. त्यावर एक जावक क्रमांक असतो. तो क्रमांक हाती आला की तुझा अर्ज सरकारच्या दप्तरात जिवंत झाला असं समज. पुढचं प्रत्येक पत्र त्या क्रमांकाला बांधायचं. आणि ते बांधायचं तर आधी काय लिहिलं ते तुझ्यापाशी हवं. म्हणून पोरी, नक्कल ठेव. कार्यालयात तिला स्थळप्रत म्हणतात. नाव काहीही दे, पण ठेव.

का एवढा जीव तोडून सांगतोय ते ऐक. हे मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

१९८३ ला वरच्या आळीतली एक बाई आली. नवरा पलटणीतून निवृत्त होऊन आलेला, दोन वर्षांपूर्वी वारला. कुटुंब निवृत्तिवेतन अडकलेलं. नवऱ्याच्या कागदांत बायकोचं नाव एक, गावात हाक मारायचं नाव दुसरं. मी खासदारांना आंतर्देशीय लिहिलं, चांगलं लिहिलं. नक्कल काढायचा कार्बन कागद टेबलाच्या खणात होता. एकच उरला होता आणि मला तो महिन्याच्या हिशेबाला हवा होता. एका कार्बनसाठी मी नक्कल ठेवली नाही. पाच महिन्यांनी एका कार्यालयाकडून पत्र आलं, तुमच्या अमुक तारखेच्या पत्रातल्या मजकुराचा खुलासा करा. तिचं नाव मी कोणतं लिहिलं होतं? लग्नाचं साल कोणतं? मला आठवेना, तिला तर मी काय लिहिलं तेच ठाऊक नव्हतं. आठवून आठवून खुलासा लिहिला. पहिल्या पत्रात एक साल, दुसऱ्यात दुसरं. झालं. चौकशी लागली. प्रतिज्ञापत्र, तलाठ्याचा दाखला, पुन्हा प्रतिज्ञापत्र. पैसे सुरू झाले १९८७ ला. तोवर तिनं दोन म्हशी विकल्या आणि थोरल्या पोराची शाळा सुटली. तो पोरगा बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत हेल्परकी करत म्हातारा झाला. अजून भेटला की वाकून नमस्कार करतो. त्याला माहीत नाही.

त्यानंतर मी नक्कल ठेवल्याशिवाय एकही कार्ड पेटीत टाकलं नाही. लोक वैतागायचे, मास्तर एवढ्याला कशाला. मी ऐकलं नाही. दोन ट्रंका भरल्या. उदईनं, म्हणजे वाळवीनं, एक खाल्ली, एक आहे.

माझ्या वडिलांचंही सांगतो. बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून कोकणातल्या राजापूरचे खासदार. आपलं मत त्यांना पडत नव्हतं, तरी आपला माणूस म्हणून सीमाभागातले लोक त्यांना लिहायचे. वडिलांनी तीन-चार पत्रं लिहिली. १७ जानेवारी १९७१ ला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या, हुतात्मा दिनाच्या सभेला नाथ पै बेळगावात आले, वडील त्या गर्दीत होते. दुसऱ्या दिवशी नाथ पै बेळगावातच वारले. वडील आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. त्या पत्रांत त्यांनी काय लिहिलं होतं? सीमेबद्दल की आमच्या शाळेबद्दल की आणखी कशाबद्दल? घरात एक चिटोरंही नाही. माझ्या बापाचा आवाज त्या कागदांत होता.

तू भाषेचं विचारलंस. मराठीत लिहिलं तर वाचणार कोण, इंग्रजी जमत नाही, कन्नड बोलते पण लिहिताना अडते. तुझा गोंधळ मला कळतो, कारण त्यात माझी निम्मी उमर गेली. घटनेचं कलम ३५० वाच. केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत तक्रारीचं निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा सातव्या दुरुस्तीनं ३५०-अ आणि ३५०-ब आली, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत आणि त्यांच्यासाठी एक विशेष अधिकारी. त्या अधिकाऱ्याचं मुख्य कार्यालय अलाहाबादला होतं. अहवाल संसदेपुढं ठेवला जातो. आपली पत्रं अलाहाबादला जायची, त्यांच्या नकला माझ्या उरलेल्या ट्रंकेत आहेत.

मी तरुण होतो तेव्हा म्हणायचो, हक्क आहे तर मराठीतच लिहीन, भाषांतर त्यांनी करावं. एका शब्दाचं कन्नड किंवा इंग्रजी सोबत जोडायला तयार नव्हतो. त्या हट्टापायी आपल्या लोकांची किती कामं लांबली ते आता मोजवत नाही. पण पोरी, तो हट्ट खोटा नव्हता. १९८६ ला कन्नडसक्तीच्या विरोधात बेळगाव पेटलं, माणसं गोळीला बळी पडली. आमच्या गावातले चार जण लाठ्या खाऊन आले. मी गेलो नाही. पोस्टाची नोकरी, घरात सहा तोंडं. मास्तरानं नोकरी सांभाळली, असं तेव्हा चावडीवर बोललं गेलं. बोलू देत. त्या चौघांपैकी एकाचा जामीन झाल्यावरचा अर्ज मी लिहिला, दुसऱ्याच्या आईचं खासदाराला पत्र मी लिहिलं, रात्री कंदिलाच्या उजेडात, मराठीत. पकडलं असतं तर नोकरी गेली असती. मी गप्प बसलो नव्हतो, एवढं तुला माहीत असावं असं मला वाटतं. बाकी कुणाला पटवायचं राहिलेलं नाही.

आज मी काय करीन? मूळ मराठीत, आणि खाली इंग्रजी भाषांतर, दोन्हींवर सही. हे काही माझ्या मनचं नाही. लोकसभेत जनतेचा अर्ज, याचिका, मांडायचा नियम असाच आहे. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत हवा. दुसऱ्या भाषेत असेल तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर आणि त्यावर अर्जदाराची सही. प्रत्येक सही करणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता. अडाणी असेल तर अंगठा. भाषा आदराची, शेवटी नेमकी विनंती, आणि खासदाराची प्रतिस्वाक्षरी. अंगठा चालतो, बघ. अंगठा उठवणाऱ्या आपल्या बायांची जागा त्या नियमात आहे. तू म्हणालीस, एक तयार मजकूर फिरतोय, त्यावर चारशे जणांची नावं टाकू. नको. चारशे सारखी पत्रं एकाच पत्रासारखी वाचली जातात. तुझ्याबरोबर रोज जाणाऱ्या दहा मुली आपापल्या हातानं लिहू देत, सकाळी घरातून किती वाजता निघतात, वर्ग कितीला, संध्याकाळी घरी किती वाजता पोचतात, महिन्याला वडापला, म्हणजे भाड्याच्या खाजगी गाडीला, किती पैसे जातात. आकडे लिहा. हात जोडलेलं चित्र नको.

आणि प्रत्येकीनं नक्कल ठेवायची. तू म्हणशील, फोटो काढला की झालं. फोटो काढ. पण फोन हरवतो, आणि फोटोवर पोच नसते. कागदावर तारीख घाल, पोस्टाची पावती नकलेला टाचून ठेव. तीन महिने उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून विचारता येतं, माझ्या अमुक तारखेच्या पत्रावर काय कार्यवाही झाली. आमच्या वेळी हा कायदा नव्हता, तो २००५ चा. असता तर त्या बाईच्या म्हशी राहिल्या असत्या. पण त्या कायद्यालाही तारीख लागते. तारीख कुठून आणशील, डिलीट केलीस तर?

रागावलो असं वाटलं असेल. रागावलोच होतो. गावात एवढी मुलं शिकली, पण थांब्यासाठी लिहावं असं फक्त तुला वाटलं, म्हणून तुझ्यावरच राग येतो.

येत्या रविवारी ये. ग्रामपंचायतीचा ठराव होतोय का ते आधी सदस्यांना विचारून ये, ठराव असेल तर त्याचा क्रमांक पत्रात घालता येईल. मराठी मसुदा तू लिहून आण, मी फक्त लांबलेलं कापीन. इंग्रजीसाठी तुझे कॉलेजचे सर आहेत. कन्नडही जोडायचं असेल तर नंदगडच्या तुझ्या मैत्रिणीला सांग, खासदारांच्या कार्यालयातल्या माणसांना सोपं जाईल. हिवाळी अधिवेशन लागायच्या पुरेसं आधी पत्र दिल्लीला पोचलं पाहिजे, कारण सभागृहात प्रश्न विचारायचा तर त्याची सूचना बरीच आधी द्यावी लागते. पाकिटं मी आणून ठेवतो. कार्बनही आहेत, निळे, डब्यात ठेवलेत म्हणून वाळले नाहीत.

तुझा,
मास्तर आजोबा