सिसिलीहून ज्वालामुखी बेटांची दिवसभराची बोट टूर वयस्क आई-वडिलांना घेऊन करावी का?

करा. फक्त एका दिवसात चार बेटं दाखवतो म्हणणारी टूर घेऊ नका, त्यात चढा आणि उतरा एवढंच होतं. पनारेआ आणि स्ट्रॉम्बोली ही दोनच बेटं असलेली आणि अंधार पडल्यावर परत निघणारी घ्या.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथंच संपलं. पण तुम्ही पुढं लिहिलंय की वडील शेतकरी आहेत, त्यांना ज्वालामुखीतलं काय कळणार, त्यापेक्षा रोम-व्हेनिसला दोन दिवस वाढवावेत का. हेच वाक्य जवळजवळ याच शब्दांत मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून ऐकलंय. म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

माझे वडील, आमचे अण्णा, माण तालुक्यातले. कोरडवाहू शेती, त्यावर भागायचं नाही, म्हणून त्यांनी पस्तीस वर्षं विहिरी खोदल्या. आधी पहार-सुतकीनं, मग सुरुंग लावून, क्रेनसारखी यारी आल्यावर यारीनं. कुठल्या परसाला, म्हणजे किती पुरुष खोलीवर मुरूम संपणार, मांजऱ्या, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा भोकाळ दगड कुठं लागणार, त्याच्याखाली काळा कातळ किती जाड असणार, हे ते बांधावर उभं राहून सांगायचे आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं. शाळा चौथीपर्यंत.

मी जर्मनीत नोकरी करते. 2023 च्या सप्टेंबरात आई-अण्णांना बोलावून घेतलं. तेव्हा अण्णा 71 वर्षांचे होते, आई 66 ची. मी सिसिलीचं तिकीट काढलं म्हटल्यावर दादा फोनवर म्हणाला, "अगं, त्यांना पॅरिस दाखव, व्हेनिस दाखव. गावात चार लोकांना सांगता येईल असं काहीतरी दाखव. विहिरी खोदणाऱ्या माणसाला बोटीत बसवून डोंगर काय दाखवतेस?" मी तेव्हा काही बोलले नाही.

आम्ही सिसिलीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या मिलात्सो गावात राहिलो होतो. बाराच्या सुमारास बोट सुटली. साधारण पावणेदोन तासांनी पनारेआ. बंदरात शिरायच्या आधी बोट शेजारच्या खडकाळ बेटांच्या मधून नेतात. तिथं एका जागी समुद्राच्या तळातून गॅसचे बुडबुडे वर येत असतात, आणि 2002 च्या नोव्हेंबरात तिथूनच गॅसचा मोठा उद्रेक झाला होता. नासक्या अंड्यासारखा वास आला तशी आईनं पदर नाकाला लावला. अण्णा मात्र कठड्यावरून वाकून पाण्याकडं बघत राहिले. विहिरीत नवा झरा फुटला की तोही असाच बुडबुडतो, म्हणाले.

पनारेआला उतरल्यावर बहुतेक लोक पोहायला किंवा कॉफी प्यायला पांगले. आमची गाइड पंचविशीतली मुलगी होती, भूशास्त्र शिकत होती. ती धक्क्याजवळच्या सावलीत दहा-बारा जणांना दगड दाखवत होती. तिनं एक काळपट सच्छिद्र दगड अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी तो उन्हात फिरवून पाहिला, नखानं खरवडला, वजन तोललं आणि मला म्हणाले, "हा मांजऱ्याच आहे. पण ह्याची भोकं रिकामी कशी? आपल्याकडं ती पांढऱ्यानं भरलेली असतात. तिला विचार."

मी विचारलं. त्या मुलीचा चेहरा एकदम बदलला. तिनं आधी मला विचारलं, हे कुठून आलेत? मी म्हटलं, महाराष्ट्र, दख्खन. मग तिनं बाकीच्यांना सोडून अण्णांच्या शेजारी बैठक मारली. तिनं समजावलं ते असं: भोकं म्हणजे लाव्हा गार होताना त्यात अडकलेल्या गॅसच्या बुडबुड्यांची जागा. हा दगड कोवळा आहे, म्हणून त्या जागा अजून मोकळ्या आहेत. दख्खनचा दगड सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांचा. एवढ्या काळात त्या भोकांतून पाणी झिरपत राहिलं, पाण्यातली खनिजं आत बसत गेली आणि भोकं पांढरी झाली.

अण्णांनी दुसरा प्रश्न टाकला. दोन कातळांच्या मध्ये तांबडा पट्टा लागतो, हातानं भुगा होतो असा, तो काय? ती म्हणाली, एक लाव्हा गार झाला, त्यावर वर्षानुवर्षं माती तयार झाली, मग त्यावरून दुसरा लाव्हा वाहत आला आणि खालची माती भाजली.

"म्हंजे वीटभट्टी," अण्णा म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "आणि पाणी त्याच सांध्याला लागतं."

मी हे भाषांतर करून सांगितलं तर तिनं वहीत लिहून घेतलं. कोरेगाव, माण, खटाव अशा भागात ज्यानं जन्मभर दगड फोडला, त्याला तो दगड कुठून आला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही कुणाला विचारलं नव्हतं, कारण विचारायला समोर माणूसच आला नव्हता. पनारेआच्या धक्क्यावर तो आला. म्हणून सांगते, शेतकरी माणसाला काय कळणार हे मनातून काढून टाका. माती आणि दगड त्याच्याइतका कुणी हाताळलेला नसतो. बोटीत चाळीस-पन्नास जण होतो. त्यातल्या किती जणांनी गाइडला एक तरी प्रश्न विचारला? अण्णांनी सात विचारले. मी मोजले, कारण प्रत्येक मलाच भाषांतरित करावा लागला.

चारच्या पुढं आम्ही स्ट्रॉम्बोलीला पोचलो. लांबून तो डोंगर फार काही वाटत नाही, समुद्रसपाटीपासून 924 मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा बराच बुटका. पण त्याचा पाया समुद्राखाली आणखी सुमारे 2000 मीटर खोल आहे, म्हणजे आपण फक्त शेंडा बघत असतो. बेटावर गल्ल्या इतक्या अरुंद की मोठी गाडी शिरतच नाही. धक्क्यावर प्रवाशांची, सामानाची वाहतूक करायला तीनचाकी आपे उभ्या होत्या. अण्णांनी आपे ओळखली आणि तिच्या हुडावर थाप मारून ड्रायव्हरला "बारामती!" म्हणाले. आपे बनवणाऱ्या पियाजिओचा कारखाना बारामतीत आहे हे त्या बिचाऱ्याला काय माहीत, पण तो हसला, आणि चर्चपर्यंतच्या चढावर त्यानं आईला पुढं बसवलं. गुडघे दुखणारं माणूस सोबत असेल तर ही आपे कराच, चढ फसवा आहे.

गाइड तिथं तुमच्यासोबत फिरत नाही, हे लक्षात घ्या. अडीच तास मोकळे सोडतात. आम्ही काळ्या वाळूवर बसून राहिलो. अण्णांनी एक गोटा खिशात टाकला होता, तो मी परत ठेवायला लावला. इटलीत किनाऱ्यावरची वाळू, दगडगोटे नेणं कायद्यानं मना आहे, दंड होतो.

आता रात्रीचं. ज्याच्यासाठी जायचं ते हेच.

सूर्य सातच्या पुढं मावळला. बोट बेटाला वळसा घालून वायव्येकडच्या बाजूला गेली. तिथं डोंगराच्या माथ्यापासून थेट समुद्रापर्यंत एक उघडीबोडकी उतरण आहे. तिला श्यारा देल फुओको म्हणतात, आगीची घसरण. कप्तानानं इंजिन मंद केलं, दिवे मालवले. दहा-बारा मिनिटं काहीच नाही. माथ्यावरच्या ढगाला खालून तांबूस झाक येत होती, जात होती. लोक कुरकुरायला लागले होते. आणि मग एकदम नारिंगी कारंजं उडालं. आवाज नाही. कारंजं खाली बसलं, ठिणग्यांसारखे निखारे उतरणीवरून गडगडत आले, आणि त्यानंतर तो आवाज आला, पोटात जाणवेल असा.

हे असं तिथं दोन हजार वर्षांहून जास्त काळ चालू आहे, साधारण दर दहा-वीस मिनिटांनी. खालून गॅसचे बुडबुडे एकमेकांत मिसळत वर येतात, वरच्या पातळ लाव्ह्याशी येऊन फुटतात आणि लाव्हा उडवतात. गाइड हे सांगत होती तेवढ्यात आई म्हणाली, "पिठलं रटरटतं तसं." मी ते तसंच इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला, पिठलं काय ते सांगता आलं नाही.

अण्णा काहीच बोलत नव्हते. मी बघितलं तर ते उजव्या हाताचं एकेक बोट दुमडत होते. विहिरीत सुरुंग लावले की वर येऊन बार मोजायचे असतात. आठ भोकं भरली तर आठ बार ऐकू आले पाहिजेत. सात आले तर कुणीही खाली उतरायचं नाही. लहानपणी मी त्यांना असं बोटं दुमडताना पाहिलंय, डब्याची पिशवी घेऊन लांब उभी राहून. इथं चार बोटं दुमडली. चौथं कारंजं सगळ्यात मोठं होतं. बोट वळली तरी त्यांची मूठ तशीच होती.

आता दादाचा मुद्दा. परतताना वारा सुटला, लाटा वाढल्या आणि अण्णांना उलट्या झाल्या. त्यांना डायबेटीस आहे. ते माळकरी, बोटीवर पास्ता दिला त्यात मासे होते, म्हणून दुपारपासून नुसता पाव-टोमॅटो खाल्ला होता, आणि गोळी मात्र वेळेवर घेतली होती. अंधारात हात थरथरायला लागले, घाम फुटला. साखर उतरली होती. गाइडनं कॉफीच्या साखरेच्या पुड्या पाण्यात ढवळून दिल्या, वीसेक मिनिटांत ते सावरले. चूक माझी. खायला सोबत घ्यायला हवं होतं आणि मी घेतलं नव्हतं. आईनं रात्री ते दादाला सांगितलं, आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लग्नात, बारशात दादा हे ऐकवतो: "बापाला समुद्रात नेऊन आजारी पाडलं."

दादा, तू हे वाचशील म्हणून इथं लिहिते. आजारी पडले ते उपाशी राहिल्यामुळं. तेच व्हेनिसलाही झालं असतं, आणि तिथं त्यांच्या हातात मांजऱ्या कुणी दिला नसता. तुला अण्णांनी त्या रात्री फोनवर काय सांगितलं ते आठव. उलटीचं एक अक्षर बोलले नाहीत. आपल्या जुन्या विहिरीत सहाव्या परसाला जो तांबडा पट्टा लागला होता, तो कशानं झाला हे सांगत होते, आणि तू "झोपा आता" म्हणून फोन ठेवलास.

असो. तुमच्या कामाचं थोडं. जमलं तर मिलात्सोऐवजी लिपारी बेटावर मुक्काम करा, तिथून स्ट्रॉम्बोली जवळ पडतं आणि वयस्क माणसांचा बोटीतला वेळ वाचतो. मिलात्सोहून लिपारीला वेगवान बोट साधारण तासाभरात जाते. बसायला खालचा मजला, मधली किंवा मागची जागा. वरच्या डेकवर पुढं बसायला सगळे धावतात आणि तिथंच जास्त हेलकावे बसतात. उलटीची गोळी बोट सुटायच्या आधी घ्या, मळमळायला लागल्यावर उपयोग नाही. दशम्या, चटणी, खडीसाखर जवळ ठेवा. गाइड म्हणजे जिवंत माणूस आहे की स्पीकरवरचं रेकॉर्डिंग, हे बुकिंगच्या आधी विचारा. रेकॉर्डिंग असेल तर दुसरी टूर बघा. फोनवर त्या कारंज्याचा फोटो नीट येत नाही, हलत्या बोटीतून तर नाहीच. जून-जुलैत अंधार उशिरा पडतो, सप्टेंबर बरा.

आणि हे आधी सांगायला हवं होतं: समुद्र खवळलेला असेल तर टूर रद्द होते किंवा मार्ग बदलतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी ही टूर ठेवू नका. ढग माथ्यावर बसले तर काहीच दिसत नाही. 3 जुलै 2019 ला तिथं मोठा स्फोट झाला, एक गिर्यारोहक दगावला, ऑगस्टमध्ये परत एक झाला. तेव्हापासून माथ्यावर चढू देत नाहीत. सर्वसाधारणपणे 290 मीटरपर्यंत एकट्यानं, त्यापुढं 400 मीटरपर्यंत गाइडसोबतच, आणि इशाऱ्याची पातळी वाढली की तेही बंद होतं. बोटीनं जाणाऱ्याला याचा फारसा फरक पडत नाही, पण निघायच्या दोन दिवस आधी चौकशी करा. वडिलांना हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रात्रीच्या बोटीत बसवू नका, कारण भर समुद्रात काही झालं तर लगेच दवाखाना गाठता येत नाही.

वडील कुठल्या भागातले आहेत ते कळवा. देशावरचे असतील तर विहिरीतला एखादा दगड सोबत न्या. तिथला दगड मात्र परत आणू नका. गाइडच्या हातात द्या आणि वडिलांना बोलू द्या.