त्रास काहीच नाही, तरी मेंदूत डाग

प्रश्न : वय 56, औशाजवळ शेती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुताना घसरून डोक्यावर आपटलो. लातूरला एमआरआय केला. मार नाही, पण ‘जुना लहान इन्फार्क्ट’ लिहून आलंय. मला कधी साधी चक्करही आली नाही. गावात ‘मेंदूत गाठ हाय’ असा बोभाटा झालाय. बायको मोटारसायकलची चावी देईना.

उत्तर : ही गाठ नाही, हे आधी घरी वाचून दाखवा. मेंदूतली एखादी बारीक रक्तवाहिनी मागे कधीतरी बंद पडली आणि तेवढा कणभर भाग सुकला. तो हातापायाच्या किंवा बोलण्याच्या वाटेवर नसावा, म्हणून तुम्हाला पत्ताच लागला नाही. असे मुके डाग दुर्मीळ नाहीत. रॉटरडॅममध्ये पंचेचाळिशीपुढच्या 2000 जणांचे स्कॅन तपासले होते. 2007 च्या अहवालात 7.2 टक्के लोकांत ते आढळले.

पण ‘दुखत नाही तर राहू द्या’ हेही चालणार नाही. असा डाग असलेल्याला पुढे खरा पक्षाघात होण्याचा धोका जास्त. तुम्ही जोडलेल्या केसपेपरच्या कोपऱ्यात रक्तदाब 168/102 लिहिलाय, त्यावर कुणीच बोट ठेवलेलं दिसत नाही. मला डागापेक्षा तो आकडा खुपतो. याच आठवड्यात फिजिशियनला भेटा, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासा. तंबाखूची पुडी खिशात असेल तर ती सोडा. रक्त पातळ करणारी गोळी मात्र शेजाऱ्याचं ऐकून सुरू करू नका.

चावीचं म्हणाल तर नुसत्या या डागापायी गाडी बंद ठेवायची गरज नाही. वहिनींचं कारण वेगळं असेल, तर ते तुमचं तुम्ही मिटवा.