परसात हौसेपुरते असील (झुंजीच्या जातीचे कोंबडे) पाळायचे आहेत, चार-पाच नर घेऊ का?

बेळगावात घरामागं थोडी मोकळी जागा आहे, झुंजी लावायच्या नाहीत, फक्त रूप आवडतं, असं तुम्ही लिहिलंय. मग चार-पाच नर कशाला? एक नर आणि दोन माद्या घ्या, बास.

मी खानापूरकडचा. पहिल्या उबवणीतले दोन नर एकाच कोंबडीखाली वाढलेले सख्खे भाऊ. चौथा महिना लागला आणि एकमेकांकडं बघायची नजरच बदलली. मी शहाणपणा करून मधे तारेची जाळी मारली. सकाळी बघतो तर दोघांची डोकी रक्तानं माखलेली, एकाचा डोळा मिटलेला. जाळीतून रात्रभर नव्हे, उजाडल्यापासूनच्या तासाभरात हे झालं होतं. तेव्हापासून मधे पत्रा लावतो. दिसलाच नाही की भांडत नाही. माद्याही काही गरीब नसतात. नवी तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी) आणून थेट सोडली तर तिचं डोकं फोडतात. माणसाशी मात्र हाच पक्षी इतका सोशीक की आमचा नर आईच्या मागं मागं फिरतो. मान ताठ, पावलं मोजून टाकणार. आई त्याला मामलेदार म्हणते.

अंड्यांचा हिशेब मांडू नका, घालतात कमी. पण खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसली की मादी एकवीस दिवस जागची हलत नाही, आणि पिल्लं घेऊन फिरताना घारीवरसुद्धा धावून जाते. अंगानं जड असल्यानं कधी पायाखाली अंडं फुटतं, तेवढं सोसायचं. त्याच वजनामुळं बसायची काठी गुडघ्याच्या वर नको. उंचावरून रोज उडी मारून तळव्याला गाठ येते. खाली फरशी असेल तर भुसा जाड टाका.

आपल्याकडचा पाऊस हा खरा वैरी. यांची पिसं आखूड आणि छाती जवळजवळ उघडी, भिजला की गारठतो. ओल्या भुशात पिल्लांना रक्ती हगवण लागते, म्हणून भुसा रोज हलवायचा, ओला झाला की काढायचा. जोंधळा, मका, तांदळाची कणी मोठ्यांना चालते. पिल्लांना पहिले दोन महिने तयार खाद्यच द्या.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस चुकवू नका. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब, मग आठव्या आठवड्याच्या सुमाराला टोचायची. अडचण अशी की लहान बाटलीसुद्धा शंभर पक्ष्यांची असते आणि कालवली की तासा-दोन तासात संपवावी लागते. आम्ही गल्लीतली चार घरं मिळून एकाच दिवशी देतो, बर्फाच्या थर्मासमधून आणून.

विकत घेताना बाजारात कुणी "खेळलेला नर आहे" म्हणाला तर तिथून उठा. त्याच्या अंगावर जुन्या जखमा असतात आणि किंमत त्या झुंजींचीच लावतात. पाळणं गुन्हा नाही, पण झुंज लावणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. उगाच पाहुणे येऊन "जरा सोडून बघूया की" म्हणतील, त्यांना चहा देऊन वाटेला लावा.

ओळखीच्या घरातली अडीच-तीन महिन्यांची पिल्लं घ्या, आईबाप डोळ्यांनी बघून. आणि आता पावसात नको, दिवाळी झाल्यावर आणा.