भरपूर खाऊनही अंगाला लागत नाही. खाल्लेल्या अन्नाचं पोटात नेमकं होतं तरी काय?

तुमच्या प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न आहेत. मेसमध्ये दोन्ही वेळा पोटभर जेवूनही अंगाला का लागत नाही, ‘तुझं जठर कमजोर आहे’ असं गावाकडचे काका म्हणतात ते खरं का, आणि जेवताना पाणी प्यायल्यावर पाचक रस पातळ होतात का. शिवाय सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहता, दिवस अभ्यासिकेत जातो, मेस शाकाहारी आहे, जेवण झालं की लगेच चहा लागतो आणि जळजळ झाली की मेडिकलमधून गोळी घेता, हेही तुम्ही लिहिलंय. ते लिहिलंत हे बरं केलंत, कारण मला तुमच्या जठरापेक्षा त्या चहाची आणि गोळीची जास्त काळजी वाटली. मी पुण्यातच अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. डॉक्टर नाही, तेव्हा निदान करणार नाही. अन्नाचं काय होतं ते सांगते.

जठराला आपण उगाच मोठेपणा देतो. कॅन्सरमुळे अख्खं जठर काढलेली माणसं दिवसातून अनेकदा थोडंथोडं खाऊन आणि बी12 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं घेऊन वर्षानुवर्षं जगतात. लहान आतडं काढावं लागलं तर मात्र तोंडाने खाऊन भागत नाही, शिरेतून पोषण द्यावं लागतं. अन्न फोडण्याचं काम तोंड, जठर, स्वादुपिंड, यकृत असे बरेच जण वाटून घेतात. फोडलेलं आत घेण्याचं काम जवळपास एकट्या लहान आतड्याचं.

उदाहरणाला पुणेरी मिसळ घेऊ, कारण तिच्यात सगळंच आहे. पोहे, बटाट्याची भाजी आणि सोबतचा स्लाइस म्हणजे पिष्ट (स्टार्च), मटकी म्हणजे प्रथिनं (पिष्ट त्याहूनही जास्त), आणि वरची तर्री नि फरसाण म्हणजे तेल.

तोंडातल्या लाळेत अमायलेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते पिष्टाच्या लांब साखळ्या तोडून साखरेचे छोटे तुकडे करतं. स्लाइसचा घास बराच वेळ चावत राहिलात तर गोडसर लागायला लागतो, तो यामुळेच. अन्ननलिकेत काही पचत नाही. तिचे स्नायू घास फक्त खाली ढकलतात.

जठरातल्या रसाचा सामू (पीएच) साधारण 1.5 ते 3.5, म्हणजे चांगलंच तीव्र आम्ल. त्यात मटकीच्या प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि पेप्सिन हे विकर त्यांचे तुकडे पाडायला लागतं. हे सगळं माणसाला प्रत्यक्ष बघायला मिळालं ते एका अपघातामुळे. 1822 मध्ये अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या कामगाराला पोटात बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठराला बाहेर उघडणारं भोक कायमचं राहिलं. विल्यम ब्यूमाँट या लष्करी डॉक्टरने त्या भोकातून रेशमी दोऱ्याला मांसाचे, ब्रेडचे तुकडे बांधून आत सोडले आणि ठरावीक वेळाने ओढून पाहिले. जठरातला रस बाहेर काढून बाटलीत ठेवला तरी अन्न विरघळतं हे त्याने दाखवलं, आणि 1833 मध्ये ते सगळं पुस्तकात छापलं. सेंट मार्टिनला हे प्रयोग फारसे रुचत नव्हते, तो मधूनमधून पळूनही जाई. माझी सहानुभूती त्यालाच आहे.

जठर अन्नाची पेज करतं आणि थोडीथोडी पुढे सोडतं. साध्या जेवणाला दोन ते चार तास लागतात, तेलकटाला जास्त. मेद लहान आतड्यात पोचले की तिथून संप्रेरकं (हार्मोन्स) सुटतात आणि जठराला सावकाश घ्यायला सांगतात. सकाळी दहाला खाल्लेली मिसळ दुपारी दोनलाही ‘जाणवते’ ती म्हणून. ती पचली नाही असा याचा अर्थ नाही.

लहान आतड्याच्या सुरुवातीला, जेमतेम वीतभर लांबीच्या भागात, खरी धांदल असते. स्वादुपिंडाचा रस येतो तो अल्कधर्मी, त्यामुळे जठरातून आलेलं आम्ल मारलं जातं. त्याच रसात पिष्टासाठी, प्रथिनांसाठी आणि मेदासाठी वेगवेगळी विकरं असतात. प्रथिनं तोडणारं ट्रिप्सिन स्वादुपिंडातून निष्क्रिय रूपातच निघतं आणि आतड्याच्या अस्तरावरच्या दुसऱ्या एका विकराने जागं होतं. तसं नसतं तर स्वादुपिंडाने स्वतःलाच पचवलं असतं, आणि तीव्र पॅन्क्रियाटायटिसमध्ये, म्हणजे स्वादुपिंडाच्या दाहात, दुर्दैवाने थोडंफार तेच घडतं. यकृतातलं पित्त तर्रीच्या तेलाचे बारीक थेंब करतं, म्हणजे विकरांना काम करायला जागा मिळते.

आता शोषण. लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला वळ्या असतात, वळ्यांवर मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान उंचवटे, त्यांना व्हिलाय म्हणतात, आणि व्हिलायवरच्या प्रत्येक पेशीला आणखी सूक्ष्म केसाळ कडा. जुनी पाठ्यपुस्तकं हा सगळा पृष्ठभाग टेनिस कोर्टाएवढा भरेल असं सांगतात, मुलंही तेच लिहून मार्क मिळवतात. स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी नव्याने मोजमाप करून 2014 मध्ये तो आकडा बराच खाली आणला: लहान आतड्यासाठी साधारण 30 चौरस मीटर. पुण्याच्या हिशेबात 320 स्क्वेअर फूट कार्पेट, म्हणजे एक वन आरके. पोटातल्या एका नळीसाठी तरीही भरपूरच. हे अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं.

पिष्टाचं शेवटी ग्लुकोज होतं. हे ग्लुकोज पेशीत आपोआप झिरपत नाही. अस्तरातलं एक वाहक प्रथिन त्याला सोडियमच्या जोडीनेच आत घेतं, आणि ही जोडी आत गेली की मागोमाग पाणी जातं. जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा ती कुणाला फार उपयोगाची वाटली नसेल. पण कॉलऱ्यात आतड्यातून पाणी धो धो वाहत असतं, तेव्हाही हा वाहक शाबूत असतो. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांत कॉलरा पसरला, पश्चिम बंगालमधल्या बनगावला सलाईन संपत आलं, आणि डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी ड्रममध्ये भरून नातेवाइकांच्या हातात पेले दिले. 30 टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूंचं प्रमाण त्यांच्या छावणीत 4 टक्क्यांच्या खाली आलं. त्यांना पद्मविभूषण मिळालं ते 2023 मध्ये, मरणोत्तर. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात येतात तेव्हा वारकऱ्यांना ओआरएसची पाकिटं वाटतात, त्यामागे हाच वाहक आहे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. जुलाब होत असताना नुसतं पाणी पिऊन तेवढा उपयोग होत नाही.

मटकीची प्रथिनं सुट्या अमिनो आम्लांच्या किंवा दोन-तीनच्या तुकड्यांच्या रूपात आत जातात. ही आम्लं आणि ग्लुकोज रक्तात आले की थेट यकृताकडे रवाना होतात. तेलाची वाट वेगळी. ते पेशीत शिरल्यावर पुन्हा जोडलं जातं, त्यावर प्रथिनाचं वेष्टण चढतं, आणि ते रक्तात न जाता लसिकावाहिन्यांत (लिम्फच्या नळ्यांत) जातं. तिथून छातीतून वर चढत डाव्या खांद्याजवळच्या शिरेत रक्ताला मिळतं. म्हणजे तर्री यकृताला वळसा घालून आधी सगळ्या शरीरभर फिरते. हे शिकवताना वर्गात हमखास कुणीतरी पोटावर हात ठेवतं.

सगळंच काही शोषलं जात नाही. मटकीत, वाटाण्यात रॅफिनोजसारख्या काही साखरा असतात, त्या तोडणारं विकर माणसाकडे नाहीच. त्या मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्यांवर ताव मारतात आणि वायू तयार होतो. मोड आणल्याने त्या बऱ्याच कमी होतात, आपल्या आज्या उगाच मटकी फडक्यात बांधून ठेवत नव्हत्या. मस्तानी प्यायल्यावर ज्यांच्या पोटात गुडगुडतं त्यांच्यात दुधातली साखर तोडणारं लॅक्टेज हे विकर लहानपणानंतर कमी झालेलं असतं, भारतात अशी माणसं पुष्कळ. दही त्यांना बऱ्याचदा चालतं.

आता तुमच्या मूळ तक्रारीकडे. ऊर्जेच्या बाबतीत निरोगी आतडं जवळपास काहीच सोडत नाही. दिवसाला 100 ग्रॅम मेद खाल्ले तर शौचातून 7 ग्रॅमपेक्षा कमी बाहेर पडायला हवं, त्याहून जास्त पडलं तर डॉक्टर शोषणाचा आजार शोधायला लागतात. पिष्टाचंही तसंच. त्यामुळे ‘खातो पण लागत नाही’ याचं सर्वांत साधं उत्तर असं की खाणं वाटतं तितकं होत नाही. मेसच्या दोन वेळांमध्ये तुम्ही काय खाता? उशिरा उठून नाश्ता बुडवणं, रविवारी संध्याकाळी मेस बंद म्हणून बिस्किटांवर काढणं, हे आठवड्याच्या हिशेबात धरा. काकांच्या पाचक चूर्णाने हा हिशेब बदलत नाही.

लोह आणि बी12 यांच्या बाबतीत मात्र आतडं फार चिकित्सक आहे, आणि तिथे तुमच्या सवयी आड येतात. डाळी, पालेभाज्या, बाजरी यांतल्या लोहापैकी थोडंच आत जातं. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही, म्हणून नियंत्रण दारातच ठेवलेलं आहे. चहातली टॅनिन वर्गातली द्रव्यं लोहाला धरून ठेवतात. जेवणासोबत चहा घेतला तर शोषण निम्म्याहूनही कमी होऊ शकतं. क जीवनसत्त्व उलट मदत करतं, तेव्हा वरणावर, उसळीवर वाढल्यानंतर लिंबू पिळा. शिजवताना घातलेल्या लिंबातलं बरंचसं क जीवनसत्त्व उष्णतेने जातं. चहा सोडा असं मी पुण्यात राहून म्हणणार नाही. जेवणानंतर तास-दीड तास थांबा, इतकंच.

बी12चा प्रवास याहून नाजूक. जठरातल्या आम्लाने ते अन्नातून सुटतं, जठरातच तयार होणारं एक प्रथिन पुढे त्याला धरतं, आणि ही जोडी लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात शोषली जाते. वनस्पतींत बी12 मिळत नाही, शाकाहाऱ्यांची भिस्त दूध-दह्यावर. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या त्यांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला, त्यात सुमारे दोन तृतीयांश जणींत बी12 कमी आढळलं. म्हणजे हा आपल्या घरातलाच प्रश्न आहे. आणि जळजळीच्या ज्या गोळ्या तुम्ही मनाने घेता, त्यांतल्या बऱ्याच गोळ्या आम्ल कमी करतात. दोन-चार दिवस घेतल्याने काही बिघडत नाही. महिनोन्‌महिने घेतल्या तर बी12 आणि लोह दोन्ही कमी शोषलं जातं. जठर ‘कमजोर’ असेल तर ते असं, तुम्हीच केलेलं.

तेव्हा हिमोग्लोबिन, फेरिटिन (यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो) आणि बी12 एकदा तपासून घ्या. वजन वाढत नसणं वेगळं आणि उतरत जाणं वेगळं. वजन उतरत असेल, शौच तेलकट, तरंगणारं किंवा वारंवार पातळ होत असेल, रक्त दिसत असेल, रात्री पोटदुखीने जाग येत असेल तर इथे विचारत बसू नका, डॉक्टरकडे जा.

राहिलं पाणी. पिण्यातून आणि खाण्यातून दिवसाला दोनेक लिटर पाणी पोटात जातं, आणि लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंड व आतड्यांचे रस मिळून शरीर स्वतः त्यात सातेक लिटर ओततं. या नऊ लिटरपैकी शौचावाटे जेमतेम 100 ते 200 मिलिलिटर जातं, बाकी आतडी परत घेतात. एवढ्या उलाढालीत तुमच्या एका पेल्याने पाचक रसांचं काही बिघडत नाही, जठर लागेल तसं आम्ल सोडत राहतं. अडचण वेगळीच आहे: मेसमध्ये पाण्याचा जग आधी येतो आणि चपाती दहा मिनिटांनी. तेवढ्यात दोन पेले रिचवले की भूक मरते, आणि तुम्हाला तर वजन वाढवायचंय. चपाती येईपर्यंत जगाला हात लावू नका.