वाचक विचारतात : एका जागी उभं राहणारं तेलाचं जहाज

प्रश्न : भाचा मुंबईच्या पश्चिमेला तेलाच्या जहाजावर कामाला आहे. म्हणतो, जहाज वर्षानुवर्षं एकाच जागी उभं असतं. पाइपलाइन असताना जहाज कशाला? आणि पावसाळ्यात ते टिकतं कसं?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : मुंबई हायचं तेल पाइपलाइनने उरणला येतं. आडबाजूच्या लहान क्षेत्रासाठी तेवढा खर्च परवडत नाही, तिथे असं जहाज उभं करतात.

विहिरीतून तेल, वायू, पाणी, थोडी रेती सगळं एकत्रच येतं. जहाजावरच्या सेपरेटरमध्ये, म्हणजे हे वेगळं करणाऱ्या बंद टाकीत, वायू वर जातो, तेल मध्ये, पाणी तळाला. खरी गोम इथेच आहे. जहाज डोललं की आतलं द्रव हिंदकळतं, पातळी मोजणारं उपकरण फसतं आणि संयंत्र आपोआप बंद पडतं. म्हणून आत भोकं पाडलेले पत्रे उभे बसवतात. पाणी नीट सुटलं नाही तर तेलाचं ताकासारखं मिश्रण होतं. मग तापवा, रसायन घाला.

साठवणीच्या टाक्यांत तेलावर निष्क्रिय वायू भरून ऑक्सिजन ८ टक्क्यांच्या खाली ठेवतात, नाहीतर एक ठिणगी पुरे.

पावसाळ्याचं म्हणाल तर अनेक जहाजांच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, टरेट नावाचा खांबासारखा भाग असतो, समुद्रतळाला साखळदंडांनी जखडलेला. नांगरलेल्या होडीसारखं जहाज त्याभोवती फिरतं, तोंड वाऱ्या-लाटांकडे. अडचण तेल उतरवताना येते : खवळलेल्या समुद्रात टँकर मागे बांधता येत नाही, टाक्या भरत जातात, आणि शेवटी विहिरींतून येणारा प्रवाहच आवळावा लागतो.