१९२० मध्ये रेडिओत असं काय घडलं?

प्रश्न : रेडिओची सुरुवात सांगताना सगळे १९२० चं नाव घेतात, त्या वर्षी नक्की काय झालं?

उत्तर : खूप काही झालं! १५ जूनला इंग्लंडमधे चेम्सफर्डच्या मार्कोनी कारखान्यातून नेली मेल्बा ही नामवंत गायिका माइकसमोर गायली आणि तिचा आवाज दूरदूरच्या देशांत ऐकू गेला. पण मला सगळ्यात भारी वाटते ती अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सची गोष्ट, २७ ऑगस्टची. एन्रिके सुसिनी आणि त्याच्या मित्रांनी कोलिसेओ थिएटरच्या गच्चीवर ट्रान्समीटर बसवला, खाली चाललेला अख्खा ऑपेरा हवेत सोडला, आणि तेव्हा शहरात रिसीव्हर असलेली घरं अगदी मोजकीच, तरी पोरांनी केलंच ना! लोक त्यांना 'गच्चीवरचे वेडे' म्हणायचे, किती गोड नाव आहे हे. मग २ नोव्हेंबरला अमेरिकेत पिट्सबर्गच्या केडीकेए या रेडिओ स्टेशनने हार्डिंग-कॉक्स निवडणुकीचे निकाल सांगितले, पेपरच्या ऑफिसातून फोनवर आकडे यायचे आणि इकडे लगेच वाचले जायचे, म्हणजे सकाळचा पेपर यायच्या आधीच लोकांना राष्ट्राध्यक्ष कोण ते कळलं. पहिलं स्टेशन कुठलं यावर मात्र अजून भांडणं चालतात, कारण डेट्रॉइटचं ८एमके ऑगस्टमधेच सुरू झालं होतं.